खुडूक कोंबडीचा अहवाल

अन्सूयाक्कानं माझ्या हातातली बाटली हिसकावली आणि भर नदीत भिरकावून दिली.

"घ्या आता तपासून," ती म्हणाली. "दर मंगळवारी येताय, घाटाचं पाणी नेताय, आणि वर जाऊन आमच्याच नावानं खडे फोडताय."

"आक्का, ती सरकारी बाटली होती."

"मग सरकारला सांगा, पोहत गेली म्हणून."

पाण्यातल्या पोरी खिदळल्या. आठ-दहा जणी होत्या. पाठीला वाळके भोपळे बांधलेल्या, पायांनी पाणी उडवणाऱ्या. त्यांतली सगळ्यांत लहान इतकी लहान होती की लांबून बघणाऱ्याला भोपळाच पोरगी घेऊन पोहतोय असं वाटावं.

नदीचं नाव मी सांगणार नाही. ती अजून वाहते आणि तिच्या काठावर माझ्या ओळखीची बरीच माणसं राहतात. शहराचंही नाव नको. एवढंच सांगतो की तिथल्या नगरपालिकेत मी पाणी तपासनीस होतो, आणि माझ्या तोडीचा पाणी तपासनीस त्या नदीला आधी मिळाला नव्हता, नंतरही मिळाला नसावा. नुसतं नाक वर करून मी सांगत असे की वरच्या गावात आज म्हशी धुतल्या की गाड्या. लोक मला बाटलीमास्तर म्हणत. नवीन माणसाचा त्यावरून गैरसमज होई. मी तो दूर करायच्या भानगडीत पडत नसे.

काम सोपं होतं. मंगळवारी सकाळी कचेरीत जायचं, हजेरीची सही करायची, चहा घ्यायचा, वाफेवर निर्जंतुक केलेल्या बाटल्या पिशवीत भरायच्या आणि घाटाघाटावर जाऊन पाणी आणायचं. मग ते पाणी जांभळ्या औषधाच्या नळ्यांत घालून, नळ्या दोन दिवस उबदार कपाटात ठेवायच्या. माणसाच्या पोटातले जंतू पाण्यात असले की जांभळं औषध पिवळं पडतं आणि नळीत बुडबुडा धरतो. नसले तर जांभळं ते जांभळंच. इतर घाटांच्या नळ्या कधी अशा, कधी तशा. पण गवळण घाटाच्या नळ्या गेली दोन वर्षं न चुकता पिवळ्याधमक येत होत्या.

"आक्का," मी खालच्या पायरीवर बसत म्हणालो, "मी खडे फोडत नाही. नळ्या पिवळ्या होतात, त्याला मी काय करू? आमच्या आरोग्य खात्याच्या रेवणकर डॉक्टरांनी ठरवलंय. येत्या सोमवारी इथे फलक लागणार. पोहण्यास सक्त मनाई. फाटक बसवून कुलूप घालणार आहेत."

आक्का म्हणजे पन्नाशीची बाई. दंड गवंड्यासारखे. पदर खोचून सकाळ-संध्याकाळ पाण्यात उभी असायची. गावातल्या निम्म्या बायकांना तिनं पोहायला शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांच्या सासवांशी भांडली होती.

"कुणामुळं म्हणतात घाण?" तिनं विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, पोरींमुळं. आणि धुण्यामुळं."

"हगायला येतात व्हय माझ्या पोरी इथं?"

"मी नाही म्हणत. डॉक्टर म्हणतात."

ती माझ्या शेजारी बसली. आवाज खाली आला. "मास्तर, महापुरात माझी धाकटी बहीण दारातनं गेली. घराच्या दारातनं. समोर पिंपळ होता, चार हात मारता आले असते तर फांदी गावली असती. मी तेव्हा पोहत होते, तिला शिकवलं नव्हतं. आई म्हणायची, पोरीच्या जातीला कशाला. हे गाव दर आठ-दहा वर्षांनी पाण्यात जातं. घाटाला कुलूप लावा, खुशाल लावा. पण पुढचा पूर आला की या पोरी कुणाच्या जिवावर ठेवायच्या, ते तुमच्या त्या पिवळ्या नळीला विचारून या."

मी पिशवी उचलून पुढच्या घाटाला लागलो. आणि मी वाद अर्धवट सोडून जाणं ही त्या शहरात बातमी होण्याजोगी गोष्ट होती.

बुधवारपासून नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. कचेरीला कुलूप, प्रयोगशाळेला त्यावर दुसरं कुलूप. मंगळवारी संध्याकाळीच मी तयार नळ्यांची एक पेटी आणि दोन बाटल्या घरी आणून ठेवल्या होत्या. तयार माल वाया जाऊ नये, एवढाच माझा हेतू होता. संघटनेच्या लोकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. तुम्हीही ठेवू नका.

खरा बेत वेगळा होता. आक्काला तिच्या डोळ्यांनी दाखवायचं होतं. माझ्या सांगण्यावर ती विश्वास ठेवणार नाही, पण नळी तिच्यासमोर पिवळी झाली तर बाई गप्प बसेल, रडेल, आणि सोमवारी फाटकाशी मारामारी तरी करणार नाही. गुरुवारी सकाळी मी घाटावर गेलो तर तिथे जत्रा भरलेली. शेवटचा आठवडा म्हणून आक्कानं गावभर निरोप धाडले होते. पोरी, पोरींच्या आया, धुण्याच्या मोटा, एक म्हैससुद्धा. इतकी माणसं त्या पाण्यात मी कधी पाहिली नव्हती. मनात म्हटलं, आज नळ्या पिवळ्या काय, भगव्या होतील.

आक्काच्या देखत बाटली बुडवली. दुसरी बाटली मुद्दाम खालच्या अंगाच्या गटाराच्या नाल्यातून भरली. त्या नाल्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. निम्म्या नळ्यांत घाटाचं पाणी, निम्म्यांत नाल्याचं.

"आता दोन दिवस ऊब पाहिजे," मी म्हणालो. "अंगाच्या उबेइतकी. ना कमी, ना जास्त. कपाट तर कुलपात आहे."

"चुलीजवळ ठेवू?"

"शिजतील."

"गोधडीत?"

"थंड पडतील."

आक्कानं माझ्याकडे पाहिलं, मग परसाकडे पाहिलं. "माझी तांबडी खुडूक बसलीय," ती म्हणाली.

तुम्हाला खोटं वाटेल, पण अंडी उबवायला बसलेली कोंबडी ही निसर्गानं केलेली प्रयोगशाळा आहे. मी तिच्या पोटाखाली तापमापक सरकवला. तिनं मला मनगटावर तीनदा टोचलं. पारा अगदी जिथे हवा तिथे. आमच्या कचेरीतलं कपाट वीज गेली की थंड पडायचं आणि वीज आली की तापायचं. कोंबडीला वीज लागत नाही. टोपलीत भुसा घातला, नळ्या तिरप्या रोवल्या, आणि तिला संशय येऊ नये म्हणून मधे दोन अंडी राहू दिली. तांबडी वर बसली, पिसं फुगवली आणि नळ्या चोचीनं एकेक करून पोटाखाली ओढून घेतल्या. इतकी काळजी आमच्या प्रयोगशाळेत कुणी कधी घेतली नव्हती. मी धरून.

शनिवारी सकाळी आम्ही तिला उचललं. ती किंचाळली, मी टोपलीत हात घातला.

नाल्याच्या नळ्या पिवळ्याजर्द झाल्या होत्या. बुडबुडे असे की बुचं उडायच्या बेताला. कोंबडीनं काम चोख केलं होतं.

घाटाच्या नळ्या मी एकेक करून उजेडात धरल्या. जांभळी. जांभळी. जांभळी. एका नळीत कडेला जरासा पिवळा रंग, बाकी सगळ्या जांभळ्या.

"म्हंजे काय?" आक्का म्हणाली.

मी परत पहिल्यापासून बघितल्या.

"मास्तर, म्हंजे काय? तोंडाला कुलूप लागलं का तुमच्याबी?"

"म्हणजे," मी म्हणालो, "पोरी होत्या, धुणी होती, म्हैस होती, आणि पाणी चांगलं आहे."

"मग रोज घाण करतंय कोण?"

हाच प्रश्न होता. मी घाटावर जाऊन बसलो. वरच्या अंगाला नदी वळते, वळणावर खाणावळ, खाणावळीपलीकडे चाळ, चाळीपलीकडे दवाखाना. खाणावळ गुरुवारी चालू होती. चाळ चालू होती. चाळ बंद पडत नसते. दवाखाना चालू होता. रोज जे जे चालू असतं ते सगळं गुरुवारीही चालू होतं. मग बंद काय होतं?

मान आपोआप वळली. वळणाच्या अलीकडे, नदीला पाठ करून, नगरपालिकेची तीन मजली नवी इमारत उभी होती. दोन वर्षांपूर्वी थाटामाटात उद्घाटन झालेली. तिच्या पायाखालून पावसाचं पाणी वाहून नेणारी जुनी दगडी मोरी जात होती, आणि ती मोरी गवळण घाटाच्या पायऱ्यांखाली, पाण्याच्या आत उघडत होती. वरून दिसत नव्हती. नव्या इमारतीच्या संडासांचं पाणी बांधणाऱ्यांनी त्याच मोरीत सोडलं असणार. आणि आम्ही? आम्ही कधी नमुने घेत होतो? कामाच्या दिवशी. हजेरी लावून, चहा पिऊन, अख्खी कचेरी एकदा मोकळी होऊन आल्यावर.

रविवारी मी रेवणकर डॉक्टरांच्या घरी गेलो. उंच, गोरे, इस्त्रीचे कपडे घालून झोपत असावेत असे गृहस्थ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"घोटवडेकर," ते म्हणाले, "संपावर असताना तुम्ही काम केलंत, हा पहिला गुन्हा. ते कोंबडीकडून करून घेतलंत, हा दुसरा."

"साहेब, नाल्याच्या नळ्या पिवळ्या झाल्यात. कोंबडीत दोष नाही."

"कोंबडीत दोष नाही, असं मी नगराध्यक्षांना सांगू? आणि वर त्यांना सांगू की घाण करणारे तुम्हीच आहात?" ते हसले. "संप मिटलाय. उद्या कचेरी उघडेल आणि अकरा वाजता फलक लागेल. नगराध्यक्ष तात्यासाहेब स्वतः येणार आहेत. तुम्ही अंडी खा आणि झोपा."

मी अंडी खाल्ली नाहीत. बाजारात गेलो आणि रंगवाल्याकडून गुलाबी रंग घेतला. रंगपंचमीला जो लावला की दसऱ्यापर्यंत कानामागे सापडतो, तो. रंगवाला म्हणाला, "मास्तर, आत्ता कुठली पंचमी?" मी म्हटलं, "उद्याची."

सोमवारी कचेरी उघडताच मी आत शिरलो. तिन्ही मजल्यांवरच्या संडासांच्या टाक्यांत सढळ हातानं रंग सोडला. अध्यक्षांसाठी राखीव होता त्यात जरा जास्त, मानाप्रमाणे. बेत असा की रंग घाटावर उतरला की डॉक्टरांना बाजूला घ्यायचं, हळूच दाखवायचं, आणि प्रकरण कानाकानांत मिटवायचं. संपानंतरचा पहिला दिवस. सगळे एकमेकांना चहा पाजत होते. माझं उरलेलं काम चहानं केलं.

अकराला घाट माणसांनी भरला. वरच्या पायरीवर खांब रोवलेला, खांबावर फलक, फलकावर हार. नगराध्यक्ष तात्यासाहेब कुंभोजे फेटा बांधून आले होते. घाट बंद करायचा तरी नदीचा मान राखायला हवा म्हणून त्यांच्या पत्नी खालच्या पायरीवर नदीची ओटी भरत होत्या. पोरी कोरड्या अंगानं एका बाजूला रांगेत बसलेल्या. आक्का त्यांच्यामागे उभी, हाताची घडी घालून. मी तिला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं की काही झालं तरी पोरी पाण्याबाहेर ठेव. कारण सांगितलं नव्हतं.

डॉक्टर बोलू लागले. अज्ञान, अस्वच्छता, स्त्रियांनी समजून घेणे वगैरे. आणि तेवढ्यात तिसऱ्या पायरीखालून पाणी गुलाबी झालं.

आधी रेघ आली. मग फुटला तो लोट. तात्यासाहेबांच्या पत्नींनी नुकतंच हळदकुंकू वाहून हात जोडले होते. त्यांनी डोळे उघडले आणि किंचाळल्या, "अहो, कुंकू! नदीला कुंकू आलं!"

हे माझ्या हिशेबात नव्हतं.

बायका उठल्या. "आई प्रसन्न झाली!" कुणीतरी लोटांगण घातलं. कुणी घागरी आणायला पळालं, कुणी पदर भिजवून डोळ्यांना लावायला वाकलं. डॉक्टरांचं भाषण कुणाला ऐकू येईना. आणि तात्यासाहेब, चार पायऱ्या उतरून, फेटा सावरत, ओंजळीत ते गुलाबी पाणी घेऊन तीर्थ म्हणून तोंडाकडे नेऊ लागले.

कानाकानांत सांगायची वेळ गेली होती. मी जीव खाऊन ओरडलो, "तात्यासाहेब, पिऊ नका! संडासातलं आहे ते!"

घागरी घेऊन पळणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या.

"कुणाच्या?" तात्यासाहेबांनी विचारलं. ओंजळ तोंडाशीच होती.

"आपल्याच, साहेब. नगरपालिकेच्या. सकाळी मीच टाकीत रंग सोडलाय. मोरी इथेच उघडते."

"खोटं!" डॉक्टर ओरडले. "या माणसाचं डोकं फिरलंय. कोंबड्यांकडून पाणी तपासून घेतो हा. पुरावा काय?"

मी तात्यासाहेबांकडे पाहिलं. "साहेब, सकाळी दुसऱ्या मजल्यावर आपण गेला होता. साखळी ओढल्यावर पाणी कसलं आलं?"

तात्यासाहेबांनी ओंजळीकडे पाहिलं.

"गुलाबी," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, नवीन फिनेल आणलंय."

"मलाही तसंच वाटलं," डॉक्टरांच्या मागून हेडक्लार्क म्हणाला. मग शिपाई म्हणाला. मग डॉक्टर खिशातून रुमाल काढून हात पुसायला लागले. हात आधीच कोरडे होते.

आक्का पुढे आली. माझ्या कल्पनेत ती आता आभाळ डोक्यावर घेणार होती. पण तिनं आधी वाकलेल्या बायकांना दंडाला धरून एकेक करून वर ओढलं, घागरीतलं पाणी ओतून टाकायला लावलं, मग तात्यासाहेबांसमोर उभी राहिली.

"ओंजळ सोडा, साहेब," ती म्हणाली. "दोन वरसं माझ्या पोरी ह्यात पोहत होत्या. त्यांच्याच नावानं तुम्ही हा खांब रोवलाय."

तात्यासाहेबांनी ओंजळ सोडली. हात धोतराला पुसावेत की नाही, हे त्यांना काही क्षण सुचेना. मग मात्र राजकारणी माणूस जागा झाला. त्यांनी फेटा नीट केला, आवाज चढवला, आणि जणू आजचा कार्यक्रम याचसाठी होता अशा थाटात जाहीर केलं, "नदी घाण करणाऱ्याची गय केली जाणार नाही! फलक काढा. हा फलक नगरपालिकेच्या संडासावर ठोका. आजपासून कर्मचाऱ्यांना मनाई. मोरी तोडून मैला दुसरीकडे वळवेपर्यंत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. महिनाभर अख्खी कचेरी समोरच्या टॉकीजमध्ये जात होती. मॅनेजर प्रत्येकाला तिकीट घ्यायला लावी, त्यामुळे एक सिनेमा बरेच आठवडे चालला. संघटनेनं मला संप फोडल्याचा जाब विचारला. मी म्हटलं, मी नाही, कोंबडीनं फोडला, तिला बोलवा. रेवणकर डॉक्टरांनी वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, पण नमुने आठवड्याच्या सगळ्या दिवशी घ्यायचे, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, हा नियम त्यांनीच काढला. त्याचं श्रेय मी त्यांना देतो.

फलक गेला त्या दुपारी गर्दी पांगल्यावर आक्का मला म्हणाली, "आता उतरवू पोरी पाण्यात?"

"आज नको."

"आत्ताच तर ठरलं, पोरींचा दोष न्हाई."

"दोष नाही. पण पाणी आज वाईट आहे. मोरी तुटल्यावर मी परत तपासेन. एकदा नाही, पुन्हापुन्हा. मी सांगेन तेव्हा."

मला वाटलं, आता माझा गळा धरते. पण ती वळली, पोरींकडे बघून ओरडली, "ऐकलं का गं? मास्तर सांगतील तेव्हा!" आणि त्यानंतर महिनाभर ती स्वतः पायरीवर पहारा देत बसली. एक पोरगी पाय बुडवायला गेली तर तिला वेणीला धरून मागे ओढली. ज्या बाईनं माझी बाटली नदीत फेकली होती, ती आता मला घाटावर येताना पाहिलं की रस्त्यातली माणसं बाजूला करायची. "सरा, मास्तर आले. पाणी बघायचंय त्यांना."

मोरी तुटली. मी आठवडाभर रोज पाणी नेलं. रविवारीसुद्धा. सगळ्या नळ्या जांभळ्या. मी घाटावर गेलो तेव्हा पोरी भोपळे बांधून तयार होत्या. माझ्या चेहऱ्याकडे बघत, जणू निकाल लागायचा होता.

"उतरा," मी म्हणालो.

एकही हलली नाही. सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं.

"पाणी चांगलं आहे, मास्तर?" आक्कानं विचारलं.

"चांगलं आहे."

"अगदी?"

"शब्द देतो."

"मग आधी तुम्ही."

मी खूप कारणं सांगितली. कामावर जायचं आहे. अंगावर हे एवढेच कपडे आहेत. सर्दी आहे. शेवटी, पोरी हसायच्या थांबेनात तेव्हा, खरं तेही सांगितलं: आयुष्यभर पाणी तपासणाऱ्या बाटलीमास्तराला पोहता येत नव्हतं. आक्का यावर हसली नाही. तिनं कोपऱ्यातला सगळ्यांत मोठा भोपळा उचलला, दोरी माझ्या छातीवरून आवळली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मला पाठीवर एक थाप मारून नदीत ढकललं.

पाणी कानात गेलं, नाकात गेलं. मी हातपाय मारले, ते कुठे मारले मला कळलं नाही. भोपळ्यानं मला वर काढलं. शेजारून ती सगळ्यांत लहान पोरगी माझ्या पुढे निघून गेली आणि मागे वळून जीभ दाखवून गेली. मी तिला काहीतरी सुनवायला तोंड उघडलं, आणि ओंजळभर नदी सरळ आत.

"तोंड मिटा, मास्तर!" पायरीवरून आक्का ओरडली. "तपासून झालीय म्हणून काय सगळी पिऊन टाकता?"